कच्ची वही, पक्की वही

मी एक जुनी कच्ची वही आहे. शाळेतली नव्हे, दवाखान्यातली. माझी पक्की वही करण्याच्या नादात एका बाईंची नजर गेली. मित्रांनो, वहीनं एवढं मोठं बोलू नये, पण आता गप्प राहून तरी काय मिळणार?

एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. ते घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला माझ्यासारखी वही दिली होती. रोज एक पान. दुखणं कमी आहे का, झोप लागली का, डोळ्यांना दिसण्यात काही फरक वाटतो का. आणि पुढे 'हो', 'नाही' अशा दोन चौकटी. हव्या त्या चौकटीत खूण करायची. शेवटच्या प्रश्नाखाली ठळक छापलं होतं, 'हो असल्यास गोळी थांबवून ताबडतोब कळवा.' त्या ठळक अक्षरांचा मला भारी अभिमान होता.

मी गेले एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे. सांधेदुखीनं त्यांची बोटं इतकी आखडली होती, की तीन वर्षं मशीनवर कापड चढलं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या आणि पाचव्या आठवड्यात त्यांनी लेकीच्या सदऱ्याला काज केलं. त्या दिवशीची खूण त्यांनी इतक्या जोरात केली, की मागच्या पानावर वळ उठला. मीही हरखून गेले.

तिसऱ्या महिन्यात मात्र त्या सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारू लागल्या.

"आई, चष्मा बदलून घे ना," लेक म्हणाली.

"बदलू गं. घाई काय आहे?"

लेक उठून गेल्यावर त्यांनी शेवटच्या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण केली. गोळी बंद झाली तर बोटं पुन्हा आखडतील, या भीतीनं त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण हात खोटं बोलेना. खूण आधी चौकटीच्या कडेवर पडली, मग बाहेर, मग खालच्या ओळीत. मला सगळं कळत होतं, पण वहीला ओरडता येत नाही.

चौथ्या महिन्यात वह्या तपासायला वरचे साहेब यायचे होते. दवाखान्यातली सिस्टर मायाळू, पण कामानं पिचलेली. मला उघडून तिनं कपाळाला हात लावला.

"मावशी, काय हे! साहेब मलाच बोलतील. डोळ्यांचा त्रास नाही ना?"

"छे गं. हात थरथरतो जरा."

"मग मी उतरवून काढते. उद्यापासून मला फोनवर सांगत जा, मीच खुणा करीन."

तिनं कोरी वही घेतली आणि ओळीनं सरळ खुणा केल्या. मला खणात टाकलं. साहेबांनी त्या पक्क्या वहीचं तोंडभरून कौतुक केलं म्हणे.

दोन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. डॉक्टरांनी बाईंना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली.

"कुठल्या भिंतीवरची?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर पक्की वही उलटसुलट चाळत राहिले. "सगळीकडे 'नाही'वरच खूण आहे! दोन महिने आधी कळतं तर नजर वाचली असती."

सिस्टरनं मला खणातून काढलं. चार पानं उलटली आणि ती खालीच बसली.

"यात होतं हो सगळं. मीच ते सरळ केलं."

"माझंच चुकलं गं पोरी," बाई म्हणाल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेल्या, तर तो खुर्चीवर पडला.

गोळी तर बंद झालीच. बोटं पुन्हा आखडणार होती. मित्रांनो, 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या माणसाचा हातही बघत जा. वाकडी खूण सरळ करण्याआधी ती वाकडी का पडली, एवढं तरी विचारा. मला कुणी विचारलं नाही.

निघताना बाईंना माझ्या शेवटच्या पानावर, चाचणी संपल्याची सही करायची होती. सिस्टरनं त्यांचं बोट धरून सहीच्या चौकटीवर टेकवलं. कितीतरी दिवसांनी त्यांचं अक्षर बरोबर चौकटीत पडलं.