कुणालाही जमेल असं

“आता बंद करून दाखवा,” सत्यपालन माश म्हणाले. “कुणाला विचारायचं नाही. माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही.”

रोसिलीनं चष्मा वर सरकवला आणि पडद्याकडे पाहिलं. पडदा रिकामा. वर एक बारीक काळी पट्टी, बाकी नुसता जांभळा रंग. बंद करायची खूण कुठंतरी असणारच, पण दिसेल तर शपथ! तिनं इथं दाबलं, तिथं दाबलं, शेवटी वैतागून खाली वाकून भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

“घ्या. झालं बंद.”

काउंटरमागे प्रेसचा मालक इनाशूचेट्टन, म्हणजे इनाशूदादा, पोट धरून हसायला लागला. “माश, ही नापास!”

“ही नाही, ती प्रणाली नापास,” माश शांतपणे म्हणाले आणि त्यांनी खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढला.

कुन्नमकुळमच्या त्या गल्लीत सगळ्या प्रेसमधले संगणक पैसे न भरता चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरच्या प्रतींवर चालायचे. कुणाला त्यात काही वाईट वाटत नसे. पण मागच्या महिन्यात शेजारच्या प्रेसमध्ये तपासणीची माणसं आली आणि संगणकच उचलून घेऊन गेली, तेव्हा इनाशूचेट्टनचं धाबं दणाणलं. तो धावत माशांकडे गेला. माश म्हणजे शाळेतले निवृत्त मास्तर. मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं फुकट आणि उघड मिळणारं लिनक्सच शिकवलं होतं आणि आता चहाच्या टपरीवर कुणी तावडीत सापडला की त्यालाही शिकवत. त्यांनी लिनक्सच्याच तीन तऱ्हेच्या प्रणाली आणल्या आणि एकच अट घातली. निवड करायची ती संगणकातल्या जाणत्यानं नाही, त्याला घाबरणाऱ्या माणसानं.

“मग आमची रोसिली आहेच की!” इनाशूचेट्टन म्हणाला होता. “माऊसला अजून पाल समजते.”

रोसिली लग्नाआधीपासून त्याच खुर्चीवर बसत आली होती, आणि तिचं काम मयताचं. त्या गावात माणूस गेला की त्याचं शव इस्पितळातून घरी यायच्या आत नाक्यावर त्याचा कागद लागलाच पाहिजे. फोटो, नाव, घराण्याचं नाव, कोणता मुलगा कुठल्या देशात, पुरणार कधी, कुठं. लोक रडत यायचे, रोसिली हळू आवाजात एकेक विचारून घ्यायची आणि त्यांचे डोळे पुसून होईपर्यंत कागद तयार असायचा. त्यासाठी तिला एक प्रोग्रॅम येत होता आणि त्यातली एकच वाट. त्या वाटेबाहेर संगणकाशी तिची तोंडओळखही नव्हती.

म्हणूनच ती मनातून पार घाबरली होती. नवीन जमलं नाही तर चेट्टन एखादी कोर्स केलेली पोरगी आणून बसवील, हे तिला दिसत होतं. नवरा देवस्सी सुपारीच्या झाडावरून पडल्यापासून कमरेतून गेला होता. घर त्या एका खुर्चीवर चाललं होतं.

दुसरी प्रणाली देखणी होती, पण बाण नेला की खालची चित्रं फुगायची. “ही काय थट्टा करतात का माझी?” म्हणून रोसिलीनं ती नाकारली. तिसरी सुरू झाली आणि ती पुढं सरकून बसली. डाव्या कोपऱ्यात एक बटण. ते दाबलं की सगळं ओळीनं समोर, तेही मल्याळममध्ये. बंद करायची खूण तिथंच, लाल.

“हिचं नाव काय, माश?”

“मिंट. पुदिना.”

“हीच. हिच्यात माणसाला येडं ठरवत नाहीत.”

माशांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना केळ्याची भजी खाऊ घातली.

त्यानंतर रोसिलीच्या अंगात जणू वारं शिरलं. माश रोज संध्याकाळी यायचे आणि ती त्यांना कामाला लावायची. माश, अक्षरं मोठी करा, रडलेल्या डोळ्यांना दिसत नाही. माश, मयताचा नमुना आधीच मांडून ठेवला तर? फोटो टाकला की आपला चौकटीत जाऊन बसेल असं काही करता येतं का? माश करत गेले. सरतेशेवटी पडद्यावर फक्त तीन चित्रं उरली, मयत, बारसं आणि लग्न. एकावर बोट ठेवलं की पडदा विचारेल ते भरत जायचं, की झालं. “आता हे कुणालाही जमेल!” असं ती प्रेसमध्ये सांगत सुटली. घरी तिनं देवस्सीला सांगितलं, “अरे, तू झोपल्या झोपल्या करशील!” इतकी ती खूश होती. खुर्ची वाचली होती.

शनिवारी सकाळी ती आली तर टेबल जागेवर नव्हतं. इनाशूचेट्टननं ते दाराशी, रस्त्याकडे तोंड करून मांडलं होतं. पुढं प्लॅस्टिकचं स्टूल. वर पाटी, ‘आपला कागद आपणच करा’.

“हे काय, चेट्टा?”

“कसं वाटतं? गिऱ्हाईकानं यावं, बसावं, करावं, घेऊन जावं.” तो तिच्याकडे न बघता पाटी सरळ करत राहिला. “हे बघ रोसिली, महिनाअखेरपर्यंत तू आहेसच. लोकांना सवय होईस्तोवर.”

“आणि मग?”

“अगं, तूच म्हणालीस ना, कुणालाही जमेल?”

रोसिलीला वाटलं, आता हा हसेल, थट्टा केली म्हणेल. तो हसला नाही. डब्याची पिशवी हातात धरून ती तशीच उभी राहिली. नापास झाले तर जाईन म्हणून रात्र रात्र झोपली नव्हती ती, आणि पास झाले म्हणून चालले? देवमाते, हे कुठलं गणित?

तेवढ्यात माश आले. पाटी वाचून ते जागच्या जागी थिजले. “इनाशू, मी हे यासाठी नव्हतं आणलं.”

“का? यंत्र सगळ्यांचं असतं म्हणून तुम्हीच कान किटवलेत ना माझे? दिलं सगळ्यांना.”

आयुष्यभर पोरांना गप्प बसवणारा माणूस, रोसिलीच्या नजरेला नजर न देता पायरी उतरून निघून गेला.

दुपारी वेलायुधन आला. बाजारामागच्या ताडी-माडीच्या दुकानातला आचारी. कमरेला नेसलेल्या मुंडूला मसाल्याचे डाग तसेच. सकाळी त्याची बायको तंकमणी चुलीपाशी बसल्या बसल्या गेली होती.

“कागद करायचाय,” तो म्हणाला.

रोसिली सवयीनं पुढं झाली, तर चेट्टननं खुणेनं तिला थांबवलं आणि वेलायुधनला स्टुलावर बसवलं. “तुम्हीच करा चेट्टा, सोपंय. ही आहे बाजूला.”

वेलायुधननं जन्मात संगणकाला हात लावला नव्हता. त्याला हे जमू नये, असं रोसिलीला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. जमलं नाही तर चेट्टनचे डोळे उघडतील. आणि बायको गेलेल्या माणसाबद्दल आपण हे चिंततोय म्हणून तिची तिलाच शरम वाटली.

त्याची जाड बोटं अक्षरं शोधत फिरली. एक सापडलं. दुसरं सापडलं. पडद्यानं विचारलं, नाव? त्यानं भरलं. घर? भरलं. मोबाइलमधला फोटो रोसिलीनं जोडून दिला, तो आपसूक चौकटीत जाऊन बसला. वेलायुधन थक्क होऊन बघत राहिला. मधेच त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, नाक ओढलं आणि पुन्हा अक्षरं शोधायला लागला.

“माडीच्या दुकानात गावाला रांधून घालतो मी,” तो पडद्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. “घरी मात्र ती मला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. बसा म्हणायची, तुमचे हात दमलेत.”

कागद पुरा झाला. कुणाच्या मदतीशिवाय म्हणावा इतका. रोसिलीनं पाहिलं आणि तिचा हात आपोआप माऊसकडे गेला. मयताचा फोटो असा लावतात का कधी? चेहरा गंभीर हवा, खांद्यापर्यंत कापलेला हवा, मागं काही नको. इथं तंकमणी उकिडवी बसून खदखदा हसत होती, एका हातात सुरी, पुढ्यात अर्धी साफ केलेली मासळी. अंत्यविधीची वेळ तर भलत्याच रकान्यात भरलेली, पार वरच्या कोपऱ्यात गेलेली.

“चुकलं का काही, चेची?” वेलायुधननं विचारलं. विचारताना तो तिच्याकडे बघत नव्हता, फोटोकडे बघत होता.

रोसिलीनं हात मागं घेतला.

“नाही. असंच असू दे.”

तिनं छपाईची खूण दाखवली, त्यानं स्वतः दाबली. कागद एकामागून एक बाहेर यायला लागले. दर कागदाला तो मान हलवत होता. चेट्टन दारात फोनवर कुणाला तरी मोठमोठ्यानं सांगत होता, की आचाऱ्यानं केलं, माडीच्या दुकानातल्या आचाऱ्यानं!

“मला वाटलं होतं मला कसलं येतंय,” वेलायुधन म्हणाला. “फार सोपं केलंय हो. कुणी केलं हे?”

“मी,” रोसिली म्हणाली, आणि कागदांची थप्पी टेबलावर आपटून तिनं कडा सारख्या केल्या.