हाताची चव आणि टीव्हीचा आवाज

मी एक हातचक्की बोलतेय, कॉफी दळणारी. उंची वीतभर, पोट लाकडी, डोक्यावर दांडा. शिक्षण म्हणाल तर दोनच यत्ता, जाड आणि बारीक. पण या घरात मी जे उद्योग केले ते भल्याभल्या शिकलेल्यांना जमले नसते. हसत हसत सांगतेय खरी, पण दाताखाली खडा आल्यासारखं होतंय.

कारखान्यात माझ्या पोटात दोन दातेरी चकत्या बसवल्या आणि मला दुकानात धाडलं. तिथून एका घड्याळजींनी मला घरी आणलं. कानाशी धरून माझा स्क्रू फिरवत बसले, मग बायकोला म्हणाले, "आता हा स्क्रू हलवायचा नाही. हिचे दात जुळलेत."

"तुमचे कधी जुळायचे?" बाई म्हणाल्या. बोलताना घड्याळजींची कवळी खाली यायची.

घड्याळजी गेले. पुढे मुलाचं लग्न झालं, सून आली. पोर गुणाची. "आई, तुम्ही बसा, मी करते," म्हणत म्हणत तिनं सगळं स्वयंपाकघर हातात घेतलं. बाई बसल्या. भाजी गेली, पोळ्या गेल्या, डबे पुसणंसुद्धा गेलं. एक दिवस सुनेनं कॉफीही केली. मी फळीवर होतेच, पण बाई घरात कुणी नसताना दळून ठेवायच्या, म्हणून तिला वाटलं, मी शोभेची. तिनं बिया मिक्सरला लावल्या.

आता मिक्सर माझा चुलतभाऊ, पण रागीट. पाती अशी फिरवतो की काही बियांचं पीठ होतं आणि काही नुसत्या भेदरून बाजूला बसतात. पीठ कडू उतरतं, भरड पाणचट. एकाच कपात दोन्ही. माझ्याकडे दादागिरी नाही, प्रत्येक बी दातांमधून सारखीच बारीक होऊन खाली जाते. गुपित एवढंच.

मुलानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "कॉफी आईनंच करावी. हाताला चव लागते."

बाईंचा चेहरा असा उजळला म्हणता! त्याच दुपारी त्यांनी मला शालीत गुंडाळलं आणि आपल्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवलं.

मग आमचा धंदा सुरू झाला. माझा आवाज म्हणजे खडीवर फावडं ओढल्यासारखा. तो झाकायला बाई दार लावून टीव्हीवर बातम्या मोठ्यानं लावायच्या आणि मांडीत धरून मला फिरवायच्या. पावडर डबीत, डबी गाऊनच्या खिशात. स्वयंपाकघरात सून शेजारी उभी राहून बघायची. ऐन वेळी बाई म्हणायच्या, "दार वाजलं का गं?" सून दाराकडे पळाली की खिशातली पावडर भांड्यात!

इतका मोठा टीव्ही ऐकून घरात ठरलं की आईंना ऐकू येत नाही. सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. बाईंनी तेही चालवून घेतलं, दोनदा विचारल्याशिवाय उत्तर देईनात. बहिऱ्या बाईला रोज दार वाजल्यासारखं कसं ऐकू येतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी शालीत हसून हसून बिया सांडायची.

सून मात्र रोज नवा प्रयत्न करायची. पाणी बदल, दूध बदल, भांडं बदल. नवऱ्याचा कप अर्धा राहायचा, ती तो गुपचूप सिंकमध्ये ओतायची.

एकदा ती बाईंच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि फोनवर बहिणीशी बोलत होती. बाई समोरच होत्या, पण बहिऱ्यांची काय भीती!

"बाबा रविवारी येतायत गं. त्यांना कॉफी माझ्या हातची द्यायची फार इच्छा होती. पण नको. आईंनाच सांगते करायला. मी शेजारी उभी राहून बघते, तरी नाही जमत. माझ्या हातातच काहीतरी कमी आहे. त्या मात्र एवढं ऐकू येत नाही तरी बघ ना..."

कपाटाचं दार किलकिलं होतं. बाईंची मान खाली गेलेली मी पाहिली. हसू माझ्या दातांतच अडकलं. पोरगी स्वतःच्या बापाचा कप आमच्या हवाली करत होती, आणि वर आमचं कौतुक!

रविवारी मुलगा व्याह्यांना आणायला गेला. बाईंनी मला शालीतून काढलं, स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवलं आणि फिरवायला लागल्या. टीव्ही बंद. माझा आवाज घरभर.

सून धावत आली. "आई! काय झालं! कसला आवाज!"

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "ऐकू येतं मला."

सुनेनं बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिशातून डोकावणाऱ्या डबीकडे पाहिलं. मग एकदम तिच्या लक्षात आलं. "म्हणजे... फोनवरचं?"

"सगळं ऐकलं." बाईंनी डबी ओट्यावर ठेवली. "तुझ्या हातात काही कमी नाही गं. माझ्या खिशात जास्त होतं."

सुनेनं माझा दांडा धरला आणि राहिलेल्या बिया स्वतः दळल्या. "आणि ते दार?"

"कधीच वाजलं नव्हतं."

"आई!" ती खरोखर ओरडली. आणि मग रडता रडता हसली.

व्याही आले. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. "वा, विहीणबाई! चव आहे हो तुमच्या हाताला!"

"माझ्या नाही, तुमच्या लेकीच्या," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात नुसती चक्की होती."

मुलगा मोठ्यानं ओरडला, "आई! काय म्हणालीस!" सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. आईला ऐकू येतं हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तेवढी गंमत राहू द्या म्हटलं.

हल्ली मी ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी असते. पण सून सिंकपाशी कप विसळायला लागली की माझे दात आपोआप थांबतात. ओतलेले ते अर्धे कप कुठून भरून द्यायचे?

तेव्हा बाबांनो, कुणाच्या हाताला चव नाही म्हणायच्या आधी घरातली कपाटं उघडून बघा. माझी एखादी बहीण आत शालीत बसली असेल, टीव्हीचा आवाज कमी व्हायची वाट बघत.