गाडीवानाला विचारले तेव्हा

मी एक जुने जाते आहे. आता माझ्यात दाणा पडत नाही. तुरुंगाच्या मागच्या अंगणात, भिंतीच्या कडेला मला मांडून ठेवले आहे. पावसाचे पाणी साचून माझ्या तोंडात शेवाळ धरले आहे. पण मित्रांनो, एके काळी या तुरुंगातल्या साऱ्या माणसांचे पीठ माझ्यातून आणि माझ्या भावंडांतून निघत असे.

डोंगरातल्या खाणीत एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. घरच्या जात्याच्या दुप्पट मी, एकट्याला न ओढवणारे. म्हणून माझ्या वरच्या तळीला समोरासमोर दोन खुंटे बसवले. एखाद्या भरल्या घरात मी जाईन, सासूसुना माझ्यापाशी बसतील, उणीदुणी काढतील आणि हसतील, असे पाथरवट घडवताना म्हणत असे. मला उतरवले ते मात्र तुरुंगाच्या दारात.

त्या काळी आमच्या देशावर समुद्रापलीकडच्या लोकांचे राज्य होते. तुरुंग त्यांचा आणि नियमही त्यांचेच. कैद्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही, हा पहिला नियम. पण दळणाच्या खोलीत तो कधी चाललाच नाही. आम्ही फिरू लागलो की अशी घरघर उठे, की दारातल्या पहारेकऱ्याला दुसरे काही ऐकू येत नसे. खुंटा ओढताना समोरासमोरची दोन डोकी जवळ येत, तेवढ्यात एखादे वाक्य बोलून होई. ऐकणारे फक्त मी.

माझ्या एका खुंट्यावर एक गाडीवान बसत असे. रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. फौजेचे सामान वाहायला त्याची गाडी वेठीला धरली होती. एक बैल वाटेतच पडून मेला. दुसरा जुंपायला त्याने नकार दिला, आणि हात उगारणाऱ्या अंमलदाराला चाबकाच्या दांड्याने हाणले. तेवढ्यासाठी तो इथे आला.

एके दिवशी त्याच्यासमोर एक मास्तर आणून बसवला. कॉलेजात शिकवणारा, चष्मेवाला. पहिल्याच दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले.

"मास्तर, खुंटा धरा, खडू नव्हे," गाडीवान म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने दोघांच्या वाटचे जोर लावून ओढले.

मास्तर कशासाठी आत आला, हे ऐकून गाडीवानाला आधी थट्टाच वाटली. राज्यकर्त्यांच्याच देशात पूर्वी एक विचारवंत होऊन गेला होता. त्याचे पुस्तक राज्यकर्त्यांनीच कॉलेजात लावले होते. मास्तरने त्याची परीक्षा दिली, पहिला आला, त्यांच्याच हातून पदक घेतले. पुढे तोच विचार त्याने बाजारातल्या सभेत आपल्या भाषेत सांगितला, आणि त्याला बेड्या पडल्या.

"असं काय होतं त्यात?"

"राजाचा हक्क आभाळातून पडत नाही," मास्तर म्हणाला. "लोक हो म्हणतात, म्हणून तो राजा. लोकांनी हो म्हटलंच नसेल, तर ते राज्य नाही, नुसती जबरदस्ती."

"आणि हे त्यांच्याच माणसानं लिहिलं? मग ते विसरले का?"

"विसरले नाहीत. त्यांना वाटतं, ते पुस्तक त्यांच्यापुरतंच आहे."

गाडीवान लगेच मान डोलावणाऱ्यातला नव्हता. कित्येक दिवस तो शंका काढत राहिला. आजोबांनी हो म्हटले असेल तर नातू बांधलेला असतो का, असे त्याने विचारले. मास्तर उत्तरे देत गेला. काही उत्तरे त्याची त्यालाच पटत नसत. मग तो पीठ सारत बसे.

एके सकाळी गाडीवान म्हणाला, "माझे बैल मला कधी हो म्हणाले होते?"

मास्तरने मूठभर दाणे घातले. मग म्हणाला, "बैलाला विचारता येत नाही. माणसाला येतं."

"मलाही कोणी विचारलं नाही."

माझी तळी फिरत राहिली. दाणे संपले तरी त्याने मूठ टाकली नाही, दगडावर दगड घासत होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे त्यांच्या लेखी मी बैलच."

त्या दिवसापासून तो माणूस बदलला. जोड्या अधूनमधून बदलत. समोर खिसेकापू येवो की आचारी, गाडीवान त्याला हेच सांगू लागला. त्यात पुस्तक नसे, विचारवंत नसे. "तुला कोणी विचारलं होतं का?" एवढेच तो विचारी. ऐकणारा आधी हसे, मग हसायचा थांबे.

काही महिन्यांनी परदेशातल्या त्या राजाचा वाढदिवस आला. तुरुंगाच्या साहेबांनी सर्व कैद्यांना अंगणात उभे केले. एकेकाने पुढे यायचे, 'मी राजीखुशीने राजेसाहेबांची प्रजा आहे' असे म्हणायचे, की शिक्षेत सूट. दळणाच्या खोलीचे दार उघडे होते, म्हणून मला सारे दिसले.

आदल्या आठवड्यात मास्तरचा मेव्हणा भेटून गेला होता. मास्तरची बायको अंथरुणाला खिळली होती आणि वैद्याने हात टेकले होते. गाडीवानाने त्या सकाळीच खुंट्यावरून त्याला सांगून ठेवले होते, "तुम्ही म्हणून टाका. घरी जा. मला वाईट वाटणार नाही."

मास्तर पुढे गेला. खाली बघत, एका दमात त्याने ते वाक्य म्हटले. साहेबांनी मान हलवली.

मग गाडीवानाची पाळी आली. पहारेकऱ्याने ढोसून त्याला पुढे केले.

"साहेब, आज पहिल्यांदा विचारलंत. माझं उत्तर नाही असं आहे."

त्याच्यामागे खिसेकापू होता. तोही नाही म्हणाला. आचाऱ्याने मात्र ते वाक्य म्हटले, त्याला चार लेकरे होती.

मास्तर सुटला. गाडीवानाला आणि खिसेकापूला फटके बसले. खिसेकापूला दुसऱ्या तुरुंगात धाडले. गाडीवानाला पाठीवरच्या जखमा ओल्या असतानाच माझ्यापाशी बसवले, समोर कोणी नाही. दोघांचे जाते त्याने एकट्याने ओढायचे. मित्रांनो, मला हलके होता आले असते तर मी झाले असते. पण दगडाचे वजन दगडाच्या हातात नसते. त्याला ताप चढला, तरी दळण चुकले नाही. एका सकाळी तो खुंटा धरूनच कलंडला. त्याला उचलून नेले, तो परत आला नाही. उरलेले पीठ दुसऱ्याच कोणी भरून नेले.

त्यानंतर जे सुटले, त्यांनी ते बोलणे बाहेर नेले. काही वर्षांनी आत येणारी माणसेच वेगळी होती. गोदीतले हमाल, न्हावी, एक तारमास्तर. गाडीवान त्यांना माहीत नव्हता, पुस्तकही माहीत नव्हते. पण 'आम्हाला कोणी विचारलं होतं का?' हे वाक्य त्यांच्या तोंडी होते. असे इतके लोक झाले, की कोठड्या पुरेनात. शेवटी परके निघून गेले. दारावरचे निशाण बदलले. पहारेकऱ्यांच्या टोपीवरचे बिल्ले बदलले. कुलपे तीच राहिली.

पुढे पिठाची गिरणी आली आणि मला अंगणात काढले.

एकदा मास्तर आला. आता तो फार म्हातारा, फार मोठा माणूस झाला होता. बायको त्याला भेटली नव्हतीच, तो घरी पोचायच्या आत ती गेली होती, असे अधिकारी आपसांत कुजबुजत होते. त्यांनी मोठ्या आदराने माझ्याकडे बोट दाखवले, "सर, आपण इथेच दळलंत ना?"

मास्तर काठी टेकत माझ्यापाशी खाली बसला.

"माझ्यासमोर एक गाडीवान बसायचा," तो म्हणाला. "मी त्याला शिकवलं. मग राजाला हो मी म्हटलं, त्यानं नाही."

एका अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. चहा तयार आहे, असे दुसऱ्याने सांगितले. मास्तरला दोघांनी धरून उठवले. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कोठडीतून कोणीतरी ओरडून विचारत होते, की मला का धरले, हे तरी सांगा. मास्तरने वर पाहिले. अधिकाऱ्यांनी त्याला हळूच दाराकडे वळवले.

मित्रांनो, शाळेची मुले कधीकधी मला बघायला येतात. खुंटा धरून फिरवू पाहतात, हसतात. जरूर फिरवा. फक्त एकट्याने फिरवू नका. समोर कोणालातरी बसवा, आणि तो काही बोलू लागला, तर हात थांबवून त्याचे ऐकून घ्या.