सुईबाबाची गोधडी

आष्ट्याबाहेरच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यापर्यंत जीपगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागलेल्या, आणि जिकडं बघावं तिकडं कुणीतरी कंबरेवर हात ठेवून कण्हत उभं. आमच्या उसाच्या पट्ट्यात पाठ न दुखणारा माणूस दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. एके काळी जिथं काहिलीत रस उकळायचा, त्या चुलाणाशेजारी आता चौरंग मांडून सुईबाबा बसला होता. समोर ठिगळाठिगळांची एक जाड गोधडी अंथरलेली. तिच्यावर पालथं पडल्याशिवाय बाबाची सुई कुणाच्या पाठीवर फिरत नसे. पडायचं तेही कसं, तर बेंबी बरोबर लाल ठिगळावर आली पाहिजे.

सुई मधोमध दोरा बांधून आडवी टांगलेली. बाबा ती रोग्याच्या मानेपासून सावकाश खाली आणायचा. मानेवर सुई मुकाट, खांद्यांवर मुकाट. कंबरेशी आली की थरथरायची आणि टोक खाली करून पाठीवर रोखायची. गर्दी माना उंचावून बघायची. मग बाबाचा चेला केरबा परातीतून कणकेचा एक गोळा द्यायचा. बाबा तो त्या जागेवर फिरवायचा, काहीबाही पुटपुटायचा आणि गोळा फोडायचा. आतून गंजका खिळा निघायचा. करणीचा खिळा! बायका पदर डोळ्यांना लावायच्या. सगळ्या पंचक्रोशीच्या वैऱ्यांनी खिळा एकाच जागी कसा काय ठोकला, हे विचारायचं मात्र कुणाच्या मनात येत नव्हतं.

बाबाचं तोंड अखंड चालू होतं. "डाक्टर लोक फोटू काढत्यात. फोटूत हाड दिसतंय. करणी दिसती का रं फोटूत? न्हाई दिसत! तिला हिमालयातली सुई लागती!" हिमालयातली म्हणे. हळदीची पोती शिवायचं ते साधं दाभण होतं. सांगलीच्या पेठेत कुठल्याही दुकानात मिळतं. "आन् आता मुंबैला मिशिन आलंय. पाठीवर सुई ठिवायची आन् टीव्हीत बगायचं. आरं, ही इद्या आमचीच! त्यांनी नुस्ता टीव्ही जोडला!"

लोक खदखदा हसले. मी हसले नाही, कारण ही बातमी बाबापर्यंत कशी पोचली ते मला ठाऊक होतं. मी सांगितली शालूवहिनींना आणि शालूवहिनींनी बाबाला. आणि गोधडीवर या क्षणी जो माणूस पालथा पडला होता, तो त्यांचाच नवरा होता.

मी नीलिमा. मूळची आष्ट्याची, सांगलीत एक्स-रे आणि स्कॅनची डॉक्टर. सयाजी हवालदार आमच्या गावचे, फौजेतून निवृत्त होऊन ऊस लावणारे. १९९९ सालच्या त्या उन्हाळ्यात सगळं गाव क्रिकेटच्या विश्वचषकात बुडालेलं. ऐन सामन्यात टीव्हीच्या चित्राला मुंग्या आल्या म्हणून हवालदार अँटेना फिरवायला पत्र्यावर चढले आणि खाली आले ते पाठीवर. कंबरेच्या वरचा एक मणका फुटला. त्यांचे फोटो मीच काढले. हाडाचा एक तुकडा मागं सरकून मज्जारज्जूला टेकला होता. पण पायाची बोटं हलत होती. लंगडी का होईना, आशा होती.

मी वहिनींना फिल्म उजेडावर धरून समजावलं. फुटक्या मणक्याच्या वरच्या आणि खालच्या मणक्यात स्क्रू घालून मधला आधाराला बांधायचा. स्क्रू ज्या वाटेनं जातो ती हाडाची वाट पेन्सिलीएवढी. केसभर आत सरकला तर मज्जारज्जूत. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नुकतंच एक यंत्र आलं होतं. रोग्याच्या स्कॅनची चित्रं आधीच त्याच्या संगणकात भरून ठेवायची. मग डॉक्टर पाठीतल्या हाडाला सुईसारखी एक दर्शक सळई टेकवतात, आणि तिचं टोक आत कुठं, कोणत्या दिशेला आहे ते पडद्यावर दिसतं. तिथले सर्जन माझे जुने वर्गबंधू. दुसऱ्या दिवशी पहाटेची रुग्णवाहिका ठरली होती.

"म्हंजी त्यो डाक्टर बी पाठीवर सुईच ठिवून बगनार?" वहिनींनी विचारलं.

"हो वहिनी, पण..."

'पण'च्या पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. सुईनंच बघायचं तर मुंबई कशाला, आष्ट्यात काय वाईट? शिवाय मुंबईत स्क्रू आत घालणार होते आणि आष्ट्यात खिळा बाहेर काढणार होते. बाहेर काढणं कुणालाही बरंच वाटणार. मी दुपारी जेवायला गेले तेवढ्यात दोघा भावकीवाल्यांनी हवालदारांना सांगलीच्या दवाखान्यातून उचललं, जीपमध्ये मधोमध बसवलं आणि त्या खडबडीत रस्त्यानं इथं आणलं. बसवलं! मी जीव तोडून सांगितलं होतं की यांना लाकडाच्या ओंडक्यासारखं सरळ ठेवा, वाकवू नका, बसवू नका.

मी गर्दी कापत पुढं घुसले. केरबा आडवा आला. "बाई, चपला भाईर."

"बाजूला हो. त्या माणसाचा मणका फुटलाय."

"नीलिमाताई, आवं गप बसा," शालूवहिनी कळवळून म्हणाल्या. "आता खिळा निगतोय बगा. तुमच्यात देव मानत न्हाईत, म्हनून आमचं नशीब नका अडवू."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या घरानं छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन देव्हारा उतरवला, तेव्हापासून आम्ही काहीही बोललो की लोकांना आमचं घर आधी आठवतं, बोलणं मागाहून. मी गुडघ्यावर बसून हवालदारांच्या तळपायाला हात लावला. "बोटं हलवा." डाव्या पायाची हलली. उजव्याचा नुसता अंगठा हलला, तोही नाराजीनं. सकाळी दहाही बोटं हलत होती.

"हवालदार, उठू नका. काही झालं तरी उठू नका."

"न्हाई उठत," ते गोधडीत तोंड खुपसून म्हणाले. "पर ताई, खिळा निगंल तेवडा निगू दे की."

सुई झुकली. गोळा फिरला, फुटला. खिळा निघाला. जयजयकारात माझा आवाज मलाच ऐकू येईना. बाबा उभा राहून ओरडला, "ऊठ फौजी! चाल!" आणि केरबानं व एका भावकीवाल्यानं हवालदारांना काखेत धरून उभं केलं.

ते एक पाऊलसुद्धा टाकू शकले नाहीत. दोन्ही गुडघे एकदम मुडपले. जमिनीवर कोसळल्यावर ते ओरडले नाहीत, नुसते इकडंतिकडं बघत राहिले. "शालू," ते म्हणाले, "माजं पाय कुटं हायत गं?"

गुऱ्हाळाचं दार काढून आणायला लावलं आणि सहा जणांकडून एकदम, सरळ, त्यांना त्यावर घेतलं. तळव्यावर किल्ली ओढली. काही नाही. अंगठा दाबला. काही नाही. मला त्या चौरंगावरच्या माणसाचा भयंकर संताप आला होता.

"खिळा निगाला की पाय घटकाभर सुन्न हुनारच," बाबा सांगत होता. "श्रद्दा ठिवा!"

रुग्णवाहिका बोलवायला माणूस पळाला होता. हातात थोडा वेळ होता आणि गोधडी मोकळी झाली होती. मी बाबाच्या हातातून दोरा हिसकावला आणि सुई त्या मोकळ्या गोधडीवर धरली. मानेच्या जागी मुकाट. खांद्यांच्या जागी मुकाट. लाल ठिगळावर आली आणि थरथरली, झुकली, टोक रोखून उभी राहिली.

"बघा," मी ओरडले. "आता या गोधडीच्या पाठीत कुणी खिळा ठोकला? हिच्यावर कुणाची करणी?"

मी त्याच दाभणानं लाल ठिगळाची शिवण उसवली. आतून लाऊडस्पीकरचं काळं, गोल, जाडजूड लोहचुंबक बाहेर पडलं आणि माझ्या हातातलं दाभण त्याला चटकन जाऊन चिकटलं. दाभण चुंबकावर घासून ठेवलेलं, म्हणून तर माणसाच्या देहापलीकडूनही ते झुकायचं. बाबा पूर्वी लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकर लावायचा, हे नंतर कळलं. मग मी परात ओढली आणि बायकांना म्हटलं, फोडा गोळे. पहिल्या गोळ्यात खिळा. दुसऱ्यात खिळा. ज्यांची पाठ अजून तपासायची होती, त्यांचेही खिळे आधीच तयार होते.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. बाबा आणि केरबा तोवर मागच्या उसात शिरले होते. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "लोहचुंबकात बी शक्ती हायच की गड्या. ती काय मानसानं घातली?" आणि चार माना डोलल्या.

मुंबईला शस्त्रक्रियेच्या वेळी मी आत उभी होते. सर्जननी ती दर्शक सळई हातात घेतली, पण स्क्रूकडं वळले नाहीत. आधी त्यांनी तिचं टोक उघड्या दिसणाऱ्या मणक्याच्या टोकाला टेकवलं आणि पडद्याकडं बघितलं. हाड डोळ्यांसमोर होतं, उत्तर आधीच माहीत होतं. पडदा टोक थोडं बाजूला दाखवत होता. अगदी थोडं. "नाही जुळत," ते म्हणाले आणि सगळी जुळवणी पहिल्यापासून केली. परत टेकवलं, परत बघितलं. जुळलं तेव्हाच स्क्रू हातात घेतला. एवढं महागडं यंत्र, आणि ते चालवणारा त्याच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवत नव्हता. बाबात आणि त्याच्यात फरक होता तो एवढाच, आणि सगळा.

स्क्रू सगळे जागच्या जागी बसले. मी नंतर फिल्म बघितली, एकही केसभर इकडंतिकडं नव्हता. पण चेचलेला मज्जारज्जू स्क्रूनं जोडता येत नाही. पाय गेले ते गेलेच.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेले. हवालदार पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. गावात एव्हाना पक्कं झालं होतं की बाबानं खिळा काढला होता, पण मुंबईच्या डॉक्टरनं नवे खिळे घातले म्हणून पाय गेले. फोटोत दिसतातच ना खिळे! शालूवहिनींनी तो गंजका खिळा लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला होता.

त्या चहा करायला आत गेल्या तेव्हा हवालदारांनी मुंबईचं सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, आधी ठाऊक असलेल्या हाडावर टेकवून बघतात.

"आन् जुळलं न्हाई तर?"

"परत पहिल्यापासून."

"फौजेत आमी बी तसंच करायचो ताई. बंदूक हातात आली की आदी झिरो करायची. ठाऊक असलेल्या निशान्यावर गोळी मारायची, कुटं लागती बगायची. झिरो न केलेली बंदूक घिऊन कुनी पोस्टवर जात न्हवतं." त्यांनी निर्जीव मांडीवर हात ठेवला. "बंदुकीला इचारलं सारी उमर. त्या सुईला न्हाई इचारलं."

माझे डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत.

वहिनी चहा घेऊन आल्या त्या एका हातानं कंबर धरून. रोज हवालदारांना उचलायचं, कुशीवर करायचं, बसवायचं. त्यांची पाठ धरली होती. मी म्हटलं, सांगलीला या, फोटो काढू. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "न्हाई ताई. बाबा आता विट्याला असत्यात. बेस्तरवारी जायाचं ठरलंय."

मी पुष्कळ सांगितलं. हवालदारांनीही सांगितलं. गुरुवारी त्या विट्याला गेल्या.

वाचणाऱ्यांनो, सुईबाबा पकडला गेला नाही, जाईल असंही मला वाटत नाही. तुमच्या गावाला तो येईल तेव्हा कदाचित सुई नसेल, दुसरं काहीतरी असेल. देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण जो कुणी म्हणेल की मला आतलं दिसतं, मग तो बाबा असो, डॉक्टर असो की यंत्र, त्याला एकच सांगा: जिथलं उत्तर आम्हाला ठाऊक आहे तिथं आधी दाखव. सुई मोकळ्या गोधडीवर धर. आणि हे सांगा ते गोधडी मोकळी आहे तोवर, तिच्यावर आपला माणूस पालथा घालायच्या आधी.