माधवनगरचे एका प्रेक्षकाचे प्रदर्शन

विषय : कोरेगाव ते माधवनगर एकदा जाऊन येण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : मी.

मी कॅडिलॅक मोटार बोलतेय. जन्म अमेरिकेतला, मुक्काम कोरेगाव, जिल्हा सातारा. बोटीने मुंबईच्या गोदीत उतरले ती थेट एका संस्थानिकांच्या दारात. पुढे संस्थान विलीन झाले. मला मात्र कोणी विलीन करून घेईना. शेवटी माझे आताचे मालक हंबीरराव, त्यांच्या वडिलांनी ऊस विकून मला घरी आणले. नव्या सुनेसारखा माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. पुढे खरी सून आली, हंबीररावांची अंबूबाई, ती माझ्यातच बसून. तो तिचा माझ्यातला पहिला प्रवास आणि आजवर तरी शेवटचा.

कारण या घरात चांगली वस्तू पाहुण्यांसाठी असते. चिनी मातीचे कप पाहुण्यांसाठी, मऊ गाद्या पाहुण्यांसाठी आणि मीही पाहुण्यांसाठीच. माझ्या सीटवर प्लॅस्टिक चढवले आहे. उन्हाळ्यात पाहुणे त्याला चिकटतात, पण सीट नवी राहते.

कौतुक मात्र अमाप. पंचक्रोशीतला प्रत्येक नवरदेव माझ्या बॉनेटला टेकून फोटो काढून गेला. सत्कारमूर्तींना आणायलाही मीच. आता माझे स्टिअरिंग डावीकडे, आणि मोठा माणूस पुढच्या डाव्या दारातून उतरतो ही इथली रीत. त्यामुळे स्वागत समिती डावे दार उघडते आणि पहिला हार ड्रायव्हर धनाजीच्या गळ्यात पडतो. कराडात तर त्याला फेटाही बांधला. 'साहेब फार कमी बोलतात,' असे निवेदकाने कौतुकाने सांगितले. खरे साहेब मागे प्लॅस्टिकवर घाम पुसत होते.

अंबूबाईंची थोरली बहीण धोंडुबाई माधवनगरला असते. गुडघे गेलेले, दारातल्या खुर्चीवरून हलत नाही. फोनवर विचारते, "तुझी ती गाडी हाय, का नुसता फोटूच हाय?"

"हाय की अक्का! येती एकदा घिऊन."

"लगीन झाल्यापास्नं येतीयास. आता मी जायच्या आत ये."

अंबूबाईंनी नवऱ्याला धरले. "आवं, एकदा अक्काच्या दारात त्या गाडीतनं उतरायचंय मला. दुसरं काय मागितलं न्हाई मी."

"जाऊ की. पाऊस सरू दे."

पाऊस सरला की उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर. ओरखडा आला तर? ट्रॅक्टर थांबले की लग्नसराई. अशा रीतीने माधवनगर आणि माझ्यामध्ये सगळे ऋतू आडवे झोपले.

यंदा मात्र हंबीरराव खरेच तयार झाले. तेवढ्यात पुण्याहून नातू वीरधवल आला. "आबा, ही गाडी नाही, वारसा आहे!" त्याने आजोबांची सही घेऊन माझी पुरातन वाहन म्हणून नोंद करून टाकली. नंबराची नवी पाटी आली, पेढे वाटले. पेढे संपल्यावर कोणीतरी नियम वाचले. पुरातन वाहन प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला न्यावे; नेहमीच्या प्रवासाला रस्त्यावर आणू नये.

"म्हंजे मेव्हणीकडं न्हाई न्यायची?" हंबीररावांनी विचारले.

"प्रदर्शन असेल तरच, आबा."

अंबूबाई एवढेच म्हणाल्या, "लय मोठी केलीस रं तिला. इतकी मोठी, की घरच्या माणसाला बसाय जागा न्हाई."

ते हंबीररावांना लागले. आयुष्यात प्रथमच त्यांनी अर्ज स्वतः लिहिला. माधवनगर येथे श्रीमती धोंडुबाई यांच्या दारात प्रदर्शन भरवणे आहे. मांडावयाच्या वस्तू : मोटार एक, तीतून उतरणारी बाई एक. प्रेक्षक : एक.

आरटीओ कार्यालयाने विचारले, प्रेक्षकांच्या बैठकीची व्यवस्था काय? हंबीररावांनी कळवले, प्रेक्षक बसलेल्याच आहेत, लवकर करावे.

परवा धोंडुबाईंना दवाखान्यातून घरी आणले. अंबूबाई एसटीने जाऊन भेटून आल्या. बहिणीने पहिला प्रश्न केला, "गाडी?"

"कागदात हाय, अक्का."

"मग मी थांबती," असे धोंडुबाई म्हणाल्या म्हणे.

वाचकहो, माझे कौतुक आता पुरे. एखादी चांगली वस्तू तुमच्याही घरी असेल, तर घरच्यांना एकदा वापरू द्या. माझी बॅटरी भरलेली आहे, टाकीत पेट्रोल आहे, धनाजी तयार आहे.

अर्ज विचाराधीन आहे.