इलिया पेरोविचच्या गाडीची घरघर

इलिया पेरोविचची पिकअप गाडी आमच्या गॅरेजमधून बाहेर पडून चढाला लागली, तेव्हाच मला कळलं होतं की तिच्या गिअरबॉक्समध्ये काहीतरी चुकलंय. दुसऱ्या गिअरमध्ये ती घरघरली. दात आवळून कुत्रं गुरगुरतं ना, तशी. मी दारात हात पुसत उभी होते. ऐकलं आणि गप्प बसले.

ब्यूट या अमेरिकेतल्या खाणींच्या गावातलं ते गॅरेज आमच्या बापाचं. फक्त गिअरबॉक्सचं काम. बाप गेल्यावर मी आणि माझा थोरला भाऊ गॉर्डन, दोघंच उरलो. खोलायचं, भरायचं काम गॉर्डनचं आणि ऐकायचं माझं. "आमच्या नॉर्माच्या कानाला डोळे आहेत," असं बाप गिऱ्हाइकांना सांगायचा.

गॉर्डनचा हात कसबी होता, पण डोकं फिरलं की तो हात कुठे पडेल याचा नेम नसे. बाप असताना तो बापाचा मार खायचा, बाप गेल्यावर तोच मार इतरांना वाटायला लागला. एकदा एका गिऱ्हाइकाने "काम नीट झालं नाही" म्हटलं, तर त्याची बोटं गाडीच्या दारात असतानाच गॉर्डनने दार लावलं. त्या जानेवारीत त्याची बायको घर सोडून गेली आणि मग तर तो गॅरेजमध्ये शिरला की मी आधी त्याचे खांदे बघायची. खांदे वर असले की मागच्या खोलीत जाऊन बसायची. इलियाचा गिअरबॉक्स त्याने त्याच दिवसांत भरला.

इलिया म्हणजे सत्तरीचा, बुटका, खाणीतून निवृत्त झालेला सर्बियन म्हातारा. चार दिवसांनी तो परत आला. "नवीन भरलंय, बसायला वेळ लागतो," म्हणून गॉर्डनने त्याला वाटेला लावलं आणि जाता जाता गिअरबॉक्समध्ये जाड तेल ओतलं. आठवड्याने म्हातारा पुन्हा दारात.

"बाळा, तेल बदललंस, आवाज बदलला नाही. जाड रजई पांघरली म्हणून खोकला जात नाही."

"म्हाताऱ्या, तुझे कान गेलेत," गॉर्डन म्हणाला. "तीस वर्षं सुरुंग उडवलेस. आता तुझ्या डोक्यातच घरघर होतेय."

"कान गेलेत म्हणून तर सांगतोय! मला बहिऱ्याला ऐकू येतोय, म्हणजे आवाज केवढा असेल बघ."

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती फस्सकन हसली. त्या हसण्याने घात केला. गॉर्डनने म्हाताऱ्याच्या जबड्यावर ठोसा मारला. इलिया मागे गेला, त्याचं डोकं बंपरवर आपटलं. तो खाली पडल्यावर गॉर्डनने त्याच्या बरगडीत दोन लाथा घातल्या. दुसऱ्या लाथेला ओली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. गिऱ्हाइकं पळाली. माझ्या हातात फोन होता. मी नंबर फिरवला नाही. इलियाने जमिनीवरचा आपला दात शोधला, रुमालात बांधला, दार धरून गाडीत चढला आणि घरघरत निघून गेला.

नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तीच गाडी पुन्हा दारात. जबडा तारांनी बांधलेला, डोळ्याखाली पिवळा डाग. गॉर्डन सामान आणायला मिझूलाला गेला होता.

"तो नाहीये, काका," मी म्हटलं.

"तो नाही म्हणून आलो नाही," तारांमागून तो बोलला. प्रत्येक शब्द चाळणीतून गाळल्यासारखा येत होता. "असता तरी आलोच असतो."

"पोलिसांत का नाही गेलात?"

"पोलीस गिअरबॉक्स भरतात का? तू चल. बस गाडीत आणि ऐक."

मी बसले. गाडी तोच चालवत होता. रस्त्याच्या कडेला मळका बर्फ होता. पहिल्या गिअरमध्ये घरघर, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्यात आणखी बारीक आणि चढी. चौथा टाकला आणि आवाज जवळजवळ मेला. मी त्याला चार वेळा तिसऱ्यातून चौथ्यात आणि चौथ्यातून तिसऱ्यात न्यायला लावलं. मग थांबून, गिअर काढून, क्लच सोडायला सांगितला. हलकी कुरकुर. क्लच दाबला, गप्प.

चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर सरळ मागे जातो. पहिल्या तिन्हींत तो खालच्या शाफ्टवरून फिरून जातो. म्हणजे दुखणं खालच्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये होतं. आणि बेअरिंग तर नवं होतं.

"काका, हे तुमच्या डोक्यात नाही. गिअरबॉक्समध्ये आहे."

तो समोर बघत राहिला. त्याचे डोळे भरले. "एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं," तो म्हणाला. मग विचारलं, "तुला त्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"मग?"

"भ्याले."

"हं. भितो तर मीपण. पण आठवड्यातून दोनदा झोर्काला घाट ओलांडून हेलेना शहरातल्या इस्पितळात न्यायचं असतं. घाटात हे जाम झालं, तर ती माझ्या शेजारी बसलेली असते."

झोर्का त्याची बायको. गॅरेजवर परतल्यावर मी गाडी सरळ आत घ्यायला लावली आणि जॅक लावला.

दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली आला, उघडला. इलिया स्टुलावर बसून नळीने सूप ओढत होता. मी शाफ्टचं मागचं बेअरिंग काढलं, धुतलं, फोडून उजेडात धरलं. कड्याच्या आतल्या गुळगुळीत वाटेवर बारीक खळगे होते. एकासारखा एक, सारख्या अंतरावर. जिथे जिथे छर्रा, तिथे तिथे खळगा. झिजून असं होत नाही. प्रेसमध्ये हळूहळू दाबून बसवायचं बेअरिंग कोणीतरी बाहेरच्या कड्यावर हातोडी मारून ठोकून बसवलं होतं. एकेक घाव छर्‍यांमधून आत उतरला होता.

गॉर्डन लवकर परतला. खांदे वर होते.

"कोणाला विचारून उघडलंस हे?"

मी मागच्या खोलीत गेले नाही. कडं त्याच्यापुढे धरलं. "बघ. हातोडीने ठोकलंस तू हे."

त्याने बघितलं. त्याला कळलं. लहानपणी बापाने पट्टा काढला की त्याचा चेहरा व्हायचा तसा क्षणभर झाला. तेवढ्यावर कदाचित निभावलं असतं. पण इलिया स्टुलावरून उतरला आणि अगदी मायेने म्हणाला, "होते चूक, पोरा. सगळ्यांच्या हातून होते. नवं घाल, मी जातो."

शिवी दिली असती तर गॉर्डनने सोसली असती. माया त्याला सोसली नाही. त्याने म्हाताऱ्याचा गळा धरून त्याला टेबलावर उताणा पाडला आणि दुसऱ्या हाताने तो बांधलेला जबडा दाबायला लागला. तारा हिरडीत रुतल्या. इलियाला ओरडायला तोंडच उघडत नव्हतं. त्याच्या नाकातून लांब, बारीक आवाज येत होता आणि पाय टेबलावरचे लोखंडी पाने खाली लोटत होते.

"गॉर्डन, सोड!" मी ओरडले. "मरेल तो!"

"मरू दे!"

अडकलेले नट सोडवायचा दोन हात लांब लोखंडी दांडा माझ्या हाताशी होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, मारला. हाड मोडलेलं मला दांड्यातून कळलं. गॉर्डनने म्हाताऱ्याला सोडलं, गुडघ्यांवर बसला आणि चांगला हात वर करून म्हणाला, "नॉर्मे, थांब."

तिथे ते संपलं होतं. इलिया टेबलाखाली सरपटत गेला होता, श्वास घेत होता. मला थांबता येत होतं.

मी दुसरा घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कुशीवर पडला, मोडका हात फरशीवर पसरला. तिसरा घाव मी त्या पंजावर घातला, नीट नेम धरून. लोक म्हणतात अशा वेळी भान राहत नाही. मला होतं. बोटं दांड्याखाली चिरडली तेव्हा मला बरं वाटलं. खूप वर्षांची तहान भागावी तसं. चौथ्यासाठी मी दांडा उचललाही होता.

तो मागून कोणीतरी धरला. इलिया. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"पुरे, पोरी," तारांमागून तो म्हणाला. "पुरे आता."

या वेळी मी नंबर फिरवला. पोलीस आले, मागोमाग रुग्णवाहिका. हॅनिफन नावाचा, शांत आवाजाचा माणूस. त्याने आधी इलियाचा गळा बघितला, मग मला विचारलं, "किती वेळा मारलंत?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच इलियाने एक बोट वर केलं.

हॅनिफन स्ट्रेचरकडे वळला. गॉर्डनचे डोळे मिटलेले होते. "एकदाच," तो म्हणाला. "बाकीचं मी पडलो तेव्हा लागलं. म्हाताऱ्याला मी मारत होतो."

मग हॅनिफनने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली.

गॉर्डनने ते का म्हटलं, मी आजवर विचारलं नाही. बहिणीने मारलं हे सांगायची लाज, की आणखी काही? इलियावरच्या हल्ल्यासाठी त्याला वर्षाची कैद झाली. सुटल्यावर तो नेवाडात गेला आणि एका गोदामावर राखणीला लागला. त्याची बोटं पुन्हा पान्यावर कधी मिटली नाहीत.

त्याच आठवड्यात मी इलियाच्या गाडीत नवं बेअरिंग प्रेसने दाबून बसवलं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये फक्त टायरांचा आवाज आला. इलियाने डोकं कलतं करून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "आता मला काहीच ऐकू येत नाही. म्हणजे खरंच बहिरा झालो." झोर्काला तो त्या गाडीतून पानगळीपर्यंत नेत होता. ती घरीच गेली, तिच्या पलंगावर. तिच्या दफनानंतरच्या जेवणाला इलियाने मला घरच्या माणसांत बसवलं. मी गॅरेजमध्ये काय केलं हे त्या घरात मला सोडून एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माझ्या ताटात पुन्हा पुन्हा वाढत होता. 

गॉर्डन एकदाच परत आला, सहा वर्षांनी. बापाच्या थडग्यावरची पाटी बदलायची होती, त्यासाठी माझी सही हवी होती. मी गॅरेजमध्ये एकटी होते. तो दारात आला, जाड झालेला, उजवा हात खिशात. सहीचा कागद द्यायला त्याने तो हात बाहेर काढला आणि मी एक पाऊल मागे सरले.

तोही, त्याच क्षणी, एक पाऊल मागे सरला होता.