गंधारची डबल नेक

२००२ साली गंधारने मुंबईहून डबल नेक इलेक्ट्रिक गिटार आणली. एकाच धडाला दोन दांडे, वरचा बारा तारांचा, खालचा सहा तारांचा. रत्नागिरीत तशी दुसरी नाही, हे तो कुणी न विचारताच सांगायचा. त्याचे वडील चिंतामणराव आंब्याचे बागायतदार. घरी गिऱ्हाईक आलं की ते आधी गिटार दाखवत, मग हापूस.

आमच्या ऑर्केस्ट्रात मी ऑक्टोपॅड वाजवायचो आणि शाळेत शिकवणारी नम्रता कीबोर्ड. गंधारला खालच्या दांड्यावर चार-पाच कॉर्ड बऱ्यापैकी येत. वरच्या बारा तारा त्याला कधी सुरात लावताच आल्या नाहीत. पण हा दांडा नुसता मिरवायला आणलाय असं कुणी म्हणू नये, म्हणून दापोलीच्या एका गॅदरिंगमध्ये त्याने वरच्या दांड्यावर सोलो जाहीर केला.

स्टेजच्या मधोमध उभा राहून त्याने डोळे मिटले आणि बोटं फिरवली. आवाज शून्य. कुठला दांडा बोलणार हे ठरवणारा खटका खालच्या दांड्यावरच राहिला होता. पोरं हुर्यो करणार, एवढ्यात नम्रताने कीबोर्डवर गिटारचा आवाज लावला आणि अख्खा सोलो वाजवून टाकला. सुरेख वाजवला. शिट्ट्यांनी मांडव दणाणला. गंधारने डोळे उघडले आणि वाकून नमस्कार केला.

परतताना गाडीत मला वाटलं, आता हा तिचे आभार मानील. तो म्हणाला, "नम्रता, दुसऱ्या ओळीत जरा घाई केलीस. मला बोटं जुळवता येईनात."

मग हाच रिवाज पडला. ती वाजवायची, तो खटका खालीच ठेवून डोलायचा. पार मंडणगडपर्यंत लोक 'दोन मानांच्या गिटारवाल्याला' बघायला यायला लागले. त्याने केस वाढवले. पोस्टरवर त्याचा भलाथोरला फोटो, आणि नम्रता 'इतर साथीदारां'त.

"माझं नाव तरी छापा," ती एकदा म्हणाली.

"अगं, लोक गिटार बघायला येतात. कीबोर्डात बघण्यासारखं काय असतं?"



त्या वर्षी गणपतीत रत्नागिरीतच कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत पाहुण्यांना घेऊन चिंतामणराव बसलेले. सोलो सुरू झाला. दोन ओळी वाजवून नम्रताने हात काढले, बाटलीचं बूच उघडलं आणि ती शांतपणे पाणी प्यायली. गंधारचे डोळे मिटलेले. बोटं दांड्यावर धावतायत, केस उडतायत, आणि सगळं मैदान चिडीचूप.

"अगो, लाईट गेली की काय?" पुढच्या एका आजींनी विचारलं.

गंधारने डोळे उघडले. नम्रताकडे मान वळवून तो दबक्या आवाजात म्हणाला, "वाजव ना!"

माइक तोंडासमोर होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

लोक इतके हसले की पुढचं गाणं सुरूच करता येईना. चिंतामणराव पाहुण्यांना सांगत होते, "मशीन बिघडलं हो, इंपोर्टेड आहे ना."

नम्रताने ऑर्केस्ट्रा सोडला, तिच्यामागून मीही. आता लग्नाच्या सुपाऱ्या आम्ही तिच्या नावावर घेतो. गंधार काही महिने कुणाला दिसला नाही. मग त्याला एका संगीत स्पर्धेत परीक्षक म्हणून बोलावलं. 'कोकणातील एकमेव डबल नेक गिटारवादक' अशी ओळख करून दिली. त्यानंतर दरवर्षी बोलावतात. शाल मिळते, नारळ मिळतो, आणि वाजवावं लागत नाही.